पगाराचे तीन हात

वारा सुटला की तारांना कंठ फुटतो. आधी नुसती शीळ, मग कुरबूर, आणि भर दुपारी दोन तारा एकमेकींच्या झिंज्या धरतात. ठिणगी पडते, शेतातले पंप बंद पडतात आणि गावाच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. हा पट्टा ज्यांच्यावर चालतो ती माणसं म्हणजे लाइनवरची टोळी. त्या वर्षी वारा असा मुक्कामाला आला होता की टोळीतल्या माणसांच्या डोळ्यांतली धूळ झोपेतसुद्धा खुपायची.

टोळीत सख्खे भाऊ दोन. थोरला लाइनमन, कायम नोकरीचा. धाकटा मदतनीस, म्हणजे साहेबाच्या मर्जीचा. थोरला खांबावर चढायचा, धाकटा खालून दोरीने पक्कड, पाने, तारेचं वेटोळं वर पाठवायचा. घरीही तसंच होतं. थोरल्याने बोलायचं आणि धाकट्याने आणून द्यायचं.

खांबावर चढण्याआधी त्या लाइनचा स्विच पाडावा लागतो. स्विच उंचावर, पण त्याचा लोखंडी दांडा खांबाच्या बुडाशी, हाताच्या अंतरावर. दांडा खाली ओढला की पुढची लाइन मेली. काम चालू असताना कोणी तो वर ढकलू नये म्हणून कचेरीने कुलपं दिली होती. ती पेटीच्या तळाशी गंजत पडली होती. टोळीची रीत वेगळी होती. जो वर जाणार त्याने आपली टोपी दांड्याला अडकवायची. टोपी आहे तोवर दांड्याला कोणी शिवायचं नाही, मग साहेब येवो की साहेबाचा बाप. खाली उतरलेला माणूस आपली टोपी आपल्या हाताने काढणार आणि डोक्यावर ठेवणार. दांडा उघडा दिसला की लाइन मोकळी.

"कुलपाला किल्ली लागते," भोंगा म्हणायचा. "टोपीला डोकं असलं की झालं."

भोंगा टोळीतला सगळ्यात जुना माणूस. त्याची कुजबुजही दोन शेतं ओलांडून जायची. ही रीत त्याच्याही आधीची. तिने कोणाला दगा दिलेला नव्हता. निदान कोणाला आठवत नव्हता.

*

त्या दिवशी थोरला वर होता. स्विचचा खांब दोन शेतांपलीकडे, झाडांच्या रांगेमागे; त्याच्या दांड्यावर थोरल्याची टोपी होती. तार पेलणारा चिनी मातीचा पांढरा कप फुटला होता, तो बदलायचा होता. नवा बसला, तार त्याच्यावर आली, फक्त एक नट राहिला. नट लहान, आटा बारीक. रबरी हातमोज्यातून तो म्हणजे बोटांना चिंध्या गुंडाळून सुईत दोरा ओवणं. थोरल्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि दातांत धरला. खिशात मावत नव्हता.

धाकटा लाइनच्या दुसऱ्या टोकाला फांद्या छाटायला गेला होता. तिकडचं आवरून तो स्विचपाशी आला. पंपवाले तिथे दबा धरून बसलेच होते.

"झालं का रे बाबा? रोपं माना टाकायला लागली."

"दादा उतरला की झालं."

"उतरलाय की. दांडा बघ ना."

धाकट्याने पाहिलं. दांडा उघडा होता. त्याने तरी हाक मारली. झाडांकडे तोंड करून, दोन्ही हातांचा कर्णा करून मारली. वारा तोंडावर होता. उत्तर आलं नाही. उत्तर येत नाही म्हणजे माणूस खांबावर नाही, जेवायच्या जागी गेला, असं टोळीत कोणीही धरलं असतं. त्याने दांडा वर ढकलला.

टोपी मग ओढ्याकाठच्या काटेरी कुंपणात सापडली.

*

हात पेटला वगैरे काही नाही. हात मिटला. थोरल्याला एवढंच आठवतं की हात आपण न सांगता मिटला आणि ऐकेना. मग तो कमरपट्ट्याला लोंबकळत होता आणि खाली धावत आलेला भोंगा ओरडत होता, आणि इतक्या जवळून ओरडूनही भोंग्याचा आवाज येत नव्हता.

*

डॉक्टर तरुण होता आणि सरळ बोलायचा. वीज तळव्यातून शिरली, पोटरीतून बाहेर पडली. तळव्यावरचं भोक वाटाण्याएवढं. थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, ते पाहून म्हणाली, "एवढंच ना?" डॉक्टर म्हणाला, "बाई, वरून एवढंच दिसतं. आत शिजलंय."

आधी बोटं गेली. मग मनगट. मग कोपराखाली चार बोटं हात शिल्लक ठेवून डॉक्टर म्हणाला, "आता इथे थांबू." लांबची वाट चालून दमल्यासारखा म्हणाला.

धाकटा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून असायचा. आत यायचा नाही, घरीही जायचा नाही. म्हातारा बाप शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली करून आला. त्याने थोरल्याच्या पायाला हात लावून पाहिला, पाय गरम आहे असं बघितलं आणि मग भिंतीशी टेकला. थोरली बोलत होती. कोणाशी म्हणून नाही, पण व्हरांड्यात ऐकू जाईल असं.

"एकाची चूक आणि एकाचा हात. वा रे न्याय."

"अगं, एका हाताने टाळी..." म्हातारा बोलून गेला आणि मध्येच थांबला.

थोरला आढ्याकडे बघत होता. मग तोच म्हणाला, "पुरं करा आबा. वाजत नाही."

गेलेला हात मिटलेलाच गेला होता. ही गोष्ट तो कोणाला सांगू शकला नाही, कारण सांगायची कशी? हात नाही, पण त्याची मूठ आहे, आणि ती घट्ट आहे. नखं तळव्यात रुततात. उघडायची म्हटलं तर उघडायला काही नाही.

*

गावात गोष्ट गावाच्या पायांनी फिरली. कोणी म्हणालं धाकटा दारू प्यायला होता. तो आयुष्यात प्यायला नव्हता. कोणी म्हणालं दोघांचं जमिनीवरून वाजलेलं होतं, जमीनच नव्हती. पंपवाल्यांनी सांगितलं की आम्ही तर म्हणत होतो, घाई करू नका. हे सांगताना ते एकमेकांकडे बघत नव्हते.

*

घरी आल्यावर कळलं की घर दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी बांधलेलं असतं.

डबीचं झाकण. लेंग्याची नाडी. पिळायचा टॉवेल. थोरला टॉवेल नळाला गुंडाळून एका हाताने पिळायला शिकला, तर नळ उपटून आला आणि अंगण भिजलं. म्हातारा म्हणाला, "झाडांना पाणी झालं." चपला अंगठ्याच्या होत्या म्हणून बरं. दाढी डाव्या हाताने करताना गालाला इतके काप पडले की शेजारचा म्हणाला, मांजर पाळलंय का. सदऱ्याच्या गुंड्या तो तोंडाने ओढून, हनुवटीने दाबून, डाव्या हाताच्या दोन बोटांनी लावायचा. तिसऱ्या गुंडीपर्यंत घाम यायचा. बाहेर थोरली उभी असायची. आत यायची नाही. तिला कळत होतं की बोलावल्याशिवाय गेलं तर हा सदरा घालायचाच सोडून देईल.

एकदा धाकटी आत गेली. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. भरल्या घरात तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं होतं. पाणी ती भरायची, भांडी ती घासायची, शेळ्यांच्या लेंड्यासुद्धा ती झाडायची, कोणी सांगितलं नसताना. थोरल्याचा शर्ट हातात धरून ती म्हणाली, "द्या दादा, मी लावते."

थोरलीने तिच्या हातातून शर्ट काढून घेतला. "माझ्या नवऱ्याच्या गुंड्या लावायला मी अजून जिवंत आहे."

"ताई, मी आपलं..."

"तू आपलं तुझ्या नवऱ्याला कामावर पाठव आधी. पोटात दुखतंय म्हणे त्याच्या. किती दिवस दुखायचं ते?"

धाकट्याच्या पोटात खरंच दुखत होतं. तो जेवत नव्हता. जेवला तर थोरल्याकडे पाठ करून जेवायचा. थोरला डाव्या हाताने घास उचलायचा, अर्धा सांडायचा, आणि धाकट्याला पाठ असूनही घास सांडल्याचा आवाज यायचा.

*

साहेबाने चौकशीला बोलावलं. खोलीत दोघंच. पंखा होता, चालत नव्हता.

"बसा. बसता येतंय ना? पाणी?"

"नको साहेब."

"हात कसा आहे?"

"नाही साहेब."

"...हो. मला म्हणायचं होतं, जखम."

"भरली."

"बरं. मला सांगा, स्विच पाडला कोणी?"

"मी."

"कुलूप लावलं?"

"नाही."

"मग काय लावलं? इथे सगळे म्हणतात काही नाही, काही नाही. काहीतरी असेलच."

"काही नाही साहेब."

"दांडा वर केला तुमच्या भावाने."

"हो."

"तुम्हाला न विचारता."

"विचारून."

"विचारून?"

"त्याने हाक मारली. मी म्हणालो, घाल."

"वरून."

"वरून."

"तार हातात धरून, तुम्ही म्हणालात, घाल."

"हो."

"का म्हणालात?"

"चुकलो."

"इतकी वर्षं खांबावर काढलेला माणूस चुकून असं म्हणतो?"

"म्हणाला साहेब."

"बघा, मी इथे तुमच्या भावाला फाशी द्यायला बसलेलो नाही. पण तुम्ही म्हणता तेच मला पुढे सांगावं लागेल. मग चूक तुमची ठरेल. लाइनमन म्हणून तुम्ही राहणार नाही. तसेही हाताने राहिला नसता, पण मान राहिला असता. कळतंय?"

"कळतंय."

"अजून एकदा विचार करता?"

"नको. दुसऱ्यांदा बोललो तर वेगळं बोलेन."

साहेबाने खुर्ची मागे सारली. मग म्हणाला, "खालचं काम आहे. डब्यापाशी उभं राहायचं, फ्यूज काढायचे, घालायचे. एका हाताने होतं. आणि वर तुमचा भाऊ चढेल. माणूस कमी आहे माझ्याकडे. चढला तर कायम करीन. नाही चढला तर दुसरा बघावा लागेल. चालेल?"

"चालेल."

"आणि कुलपं लावायची. आता मी स्वतः बघणार आहे."

"लावू साहेब."

*

थोरली रडली नाही. तिने चूल पेटवली, विझवली आणि पुन्हा पेटवली.

"का खोटं बोललात?"

"खोटं कुठे. हाक ऐकली होती मी."

तिचा हात थांबला.

"ऐकली होती. वाऱ्यात होती, पण ऐकली. मोजा दातांत होता. म्हटलं नट बसला की देऊ उत्तर."

"मोजा टाकायचा खाली!"

"नवा होता."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. असल्या माणसाशी आपण इतकी वर्षं संसार केला हे तिला आता कुठे पुरतं दिसल्यासारखं.

"मग तेच सांगायचं. मी ऐकलं, मी बोललो नाही. निम्मी चूक तुमची, निम्मी त्याची. सगळी कशाला घेतली अंगावर?"

"निम्मी त्याची म्हटलं की तो गेला. तो कायम नाही. घरात पगाराचे हात आता तीन. त्यातले दोन त्याचे आहेत." थोरला उठला. "तेही कापू?"

थोरलीने भांडं आदळलं. म्हातारा बाहेरून म्हणाला, "फुटलं का?" भांडं फुटलं नव्हतं.

*

दोघं पुन्हा कामावर गेले. एका सायकलवर, चालवणारा धाकटा, मागे थोरला. थोरल्याने मागे बसून धरायला डावा हात पुढे केला आणि तो धाकट्याच्या कमरेला लागला, तेव्हा धाकट्याने श्वास रोखला. तो उतार संपेपर्यंत सोडला नाही.

टोळीने थोरल्याला जागा करून दिली. चहा दिला. कप कुठल्या हातात द्यायचा म्हणून एकाने कप पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि सांडला. भोंगा म्हणाला, "अरे जमिनीला पाजतोस का?" सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

आता सगळ्या दांड्यांना कुलूप होतं. टोप्या सगळ्यांच्या डोक्यावर होत्या. थोरला तेवढा उघड्या डोक्याचा.

धाकटा पहिल्या खांबावर निम्मा चढला आणि थांबला. खांबाला मिठी मारून उभा. खालून दिसत होत्या त्याच्या पोटऱ्या. त्या थरथरत नव्हत्या, नुसत्या दगड झाल्या होत्या.

"काय रे, वर घरटं बांधतोस?" भोंगा.

"उतरू दे त्याला," थोरला म्हणाला.

धाकटा उतरला. दुसऱ्या दिवशी तो टोकापर्यंत गेला, पट्टा अडकवला, पक्कड काढली, आणि तारेपासून हातभर अंतरावर त्याचा हात थांबला. भोंगा चढला आणि ते काम करून आला. उतरल्यावर धापा टाकत त्याने थोरल्याला बाजूला घेतलं. त्याला हळू बोलायचं होतं, जमलं नाही.

"हे बघ, माझे गुडघे गेलेत. दर वेळी मी जाणार नाही. साहेब परवा येतोय बघायला. तोवर हा चढला तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही."

सगळ्या शेताने ते ऐकलं. धाकट्याने पण.

परतताना तो सायकल हातात धरून चालला. बांधावर आल्यावर म्हणाला, "दादा, तुला खाली पाहिलं की वर माझा हात चालत नाही."

"मग दुसऱ्याला उभं करायला सांगू डब्यापाशी?"

"मग तर अजिबात नाही."

"मग काय करायचं?"

"माहीत नाही." त्याने सायकल खड्ड्यातून उचलून पुढे घेतली. "कुलूप लावलेलं असतं. मला दिसतं लावलेलं. पण किल्ली तुझ्या खिशात असते."

थोरला थांबला नाही, चालत राहिला. त्याची नसलेली मूठ आवळली होती.

*

त्या संध्याकाळी थोरला गोठ्याशी बसला होता. धाकटी शेळ्यांना पाला घालत होती. तिने घमेलं खाली ठेवलं आणि डोकं झाकून, सरळ त्याच्या समोर उभी राहिली. असं ती कधी उभी राहिली नव्हती.

"दादा, एक विचारते. रागावा हवं तर."

"विचार."

"मनात काही ठेवलंय का तुम्ही?"

शेळी घमेल्यात तोंड घालून खात होती. थोरल्याने खरोखर विचार केला. डबीत काही उरलंय का ते बघावं तसं आत बघितलं.

"ठेवलंय," तो म्हणाला.

धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"ते आहे. जाणार पण नाही बहुतेक. रात्री खाजवतं. घासाला पुढे येतं. तो समोर आला की आधी त्याचे दोन हात दिसतात, मग तो दिसतो." त्याने शेळीला पायाने बाजूला केलं. "पण ते घरचं. डब्याचं काम वेगळं."

"हे त्यांना सांगाल?"

"हे सांगून कोणी चढतं का?"

धाकटी घमेलं उचलून गेली. स्वयंपाकघरात थोरली होती. तिने काय विचारलं नि हिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा दोघी एकाच ताटात जेवल्या.

*

साहेब यायचा तो दिवस उजाडला आणि वाराही. वस्तीच्या वाटेवरच्या लाइनची जोडतार तुटली होती. वस्तीतले नळ सकाळपासून सुकलेले. बादल्या घेऊन माणसं झाडाखाली जमली होती. डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालचा, फ्यूजचा डबा वाटेच्या कडेला, खांब तिथून दिसेल असा, पन्नासएक पावलांवर. भोंगा आणि बाकीचे खांबाच्या बुडाशी. साहेब गाडीला टेकून उभा.

थोरल्याने डबा उघडला. तिन्ही फ्यूज डाव्या हाताने एकेक उपटले, जमिनीवर ओळीने ठेवले. डब्यात आता फ्यूज बसायच्या पितळी दातांच्या दोन रांगा उरल्या. वरची रांग डीपीकडून आलेली, जिवंत. खालची रांग लाइनकडे जाणारी, मेलेली. मध्ये वीतभर अंतर.

धाकटा चढला. टोकाला पोचला. पट्टा अडकवला.

"दादा! बंद?"

"बंद."

पक्कड निघाली. हात तारेकडे गेला. थांबला.

"दादा!"

"बंद आहे रे."

झाडाखाली कोणीतरी हसलं. बादली वाजली. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं नाही, पण हात बाहीकडे नेला. भोंगा खाली बघत होता आणि एकदाच, आयुष्यात एकदाच, हळू बोलला, "चल लेका."

धाकटा वर तसाच. वाऱ्याने त्याचा सदरा फुगला होता. तो आता तारेकडे बघतच नव्हता, डब्याकडे बघत होता. इतक्या लांबून डोळे दिसत नाहीत, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

थोरल्याने सदऱ्याला तळवा पुसला. मग डावा हात डब्यात घातला आणि खालच्या रांगेवर ठेवला. एक दात अंगठ्याखाली, दोन बोटांखाली. वरची रांग त्याच्या मनगटाच्या वर वीतभर. कोपर डब्याच्या कडेला टेकवून त्याने हात अडकवून घेतला, म्हणजे हलायला नको.

"ए!" तो ओरडला. "इकडे बघ! माझा हात कुठाय?"

धाकटा पट्ट्यावर वाकला.

"दिसतोय का?"

"दिसतोय," वरून आवाज आला. बारीक.

"तुझ्या तारेच्या टोकावर आहे. तू उतरेपर्यंत इथेच आहे. आता धर."

साहेब गाडीपासून सुटून दोन पावलं पुढे आला. "अहो, हे काय करताय? काढा हात!" भोंग्याने मागे न वळता त्याला हाताने थांबवलं. साहेब थांबला. त्याच्याकडे याचा नियम होता, पण आत्ता तो मोठ्याने सांगितला तर हात हलेल, एवढं त्याला कळलं.

धाकट्याने तार धरली.

काम फार नव्हतं. पण वारा होता. तार पक्कडीतून सुटायची, पुन्हा धरावी लागायची. थोरल्याला खांबाकडे बघता येत नव्हतं, मान वळवली की खांदा हलत होता. तो डब्यात बघत होता, आपल्याच हाताकडे. नखं वाढली होती. एका हाताने त्याच हाताची नखं काढता येत नाहीत. घाम कपाळावरून भुवईत आला, भुवईतून डोळ्यात उतरला आणि झोंबायला लागला. उजवीकडच्या रिकाम्या बाहीतला उरलेला तुकडा त्याने वर उचलला. तो तोंडापर्यंत पोचला नाही.

बादली घेतलेली एक बाई वाट ओलांडून आली. तिला बाकीचं काही माहीत नव्हतं, पाणी हवं होतं.

"अहो, आला का करंट?"

"आला असता तर मी बोललो असतो का?"

ती हसणार होती, मग तिने डब्यात पाहिलं आणि तिचं तोंड तसंच राहिलं.

"बाई," थोरला म्हणाला, "जरा डोळे पुसता का माझे? घाम गेलाय."

तिने बादली खाली ठेवली. तिच्याजवळ पुसायला काही नव्हतं. तिने आपल्या बाहीने त्याचा एक डोळा पुसला, मग दुसरा, मग लहान मुलाचं पुसावं तसं नाकही पुसलं. थोरला पुसू देत उभा राहिला. दवाखान्यातून आल्यापासून त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

खांबावर पक्कड वाजत होती. कट्, कट्, मग खूप वेळ काही नाही, मग कट्.

"वर कोण आहे?"

"भाऊ."

"किती वेळ लागेल त्याला? मी विचारू का ओरडून?"

"नको," थोरला म्हणाला. "हात चाललेत त्याचे."